विम्को नाका आणि मराठी साहित्यिक

अंबरनाथला विम्को नाका आहे. कोणत्याही रिक्षावाल्याला सांगितले तर तो मुकाट्याने नेऊन सोडतो. ज्या काडेपेटीच्या कारखान्यावरून हे नाव पडले, त्यातून काडेपेट्या बाहेर पडेनाशा झाल्याला बराच काळ लोटला. कारखाना गेला, नाव राहिले. नाक्याविषयी आमची काहीच तक्रार नाही, नाक्याने असेच वागावे. तक्रार आहे ती नाका होऊन बसलेल्या साहित्यिकांविषयी आणि त्यांना तसे बसू देणाऱ्या आमच्यासारख्या मराठीच्या प्राध्यापकांविषयी.

कल्याणच्या पुढच्या या पट्ट्यात दर पावसाळ्यात महाविद्यालयांच्या वाङ्मयमंडळांची उद्घाटने होतात. प्रमुख पाहुण्यांचा परिचय करून देण्याचे काम आमच्यापैकी कोणीतरी करतो. त्या परिचयातली सगळी क्रियापदे भूतकाळी असतात, हे आमच्या फार उशिरा ध्यानात आले. संग्रह प्रसिद्ध झाला होता, पुरस्कार मिळाला होता, समीक्षकांनी दखल घेतली होती. गेल्या पाच वर्षांत पाहुण्यांनी काय लिहिले, असे विचारणे असभ्य समजले जाते. एकदा एका विद्यार्थ्याने विचारले, तेव्हा आम्हीच त्याला खाली बसवले.

'प्रतिभा मोसमी असते' हे यावरचे ठरलेले उत्तर. आंबाही मोसमी असतो. पण बागवान झाडाकडे बारा महिने पाहतो, एवढे तरी ध्यानात घ्यायला हवे.

उल्हासनगरच्या बाजाराची मराठीच्या वर्गात फक्त टवाळी होते. 'यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन हा विनोद आम्हीही वर्षानुवर्षे वर्गात केला आणि हशा मिळवला. वस्तुतः फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीतल्या बराकींत येऊन पडलेल्या माणसांनी हे शहर उभे केले. 1949 मध्ये त्याला उल्हासनगर हे नाव मिळाले. सिंधमधली हवेली, तिथली पेढी, तिथली पत, यांतले काहीही इथे चालणार नव्हते. आज काय विकतोस, एवढाच प्रश्न होता. कॅम्प पाचमधल्या जीन्सच्या गाळ्यात आजही तोच प्रश्न आहे. मागच्या दिवाळीला उचललेला लॉट यंदा कोणी विचारत नाही. कट बदलतो, धुलाईची छटा बदलते, आणि कारागिराला नव्याने हात बसवावा लागतो. या बाजाराचे आम्हाला सरसकट कौतुक करायचे नाही. याच धुलाईच्या रंगीत पाण्याने वालधुनीची काय दशा केली ते आम्ही लोकलच्या खिडकीतून पाहिले आहे. सातत्य नेहमी पुण्यप्रदच असते असे नव्हे. पण काल केलेल्या कामावर आज जेवता येत नाही, ही गोष्ट तिथल्या पोराला जितकी कळते, तितकी आमच्या साहित्यिकांना कळत नाही.

धंद्याचे नियम साहित्याला लावू नका, असे यावर कोणी म्हणेल. मग हरिभाऊ आपट्यांचे काय करायचे? 'पण लक्षात कोण घेतो?' आम्ही अभिमानाने शिकवतो. ती 1890 पासून 'करमणूक' या साप्ताहिकातून क्रमशः आली, हे मात्र टीपेत ढकलतो. वर्गणीदार अंकाची वाट पाहत आहे, मजकूर छापखान्यात गेलाच पाहिजे, या जाचातून ती कादंबरी लिहून झाली. त्या जाचाने हरिभाऊंची लेखणी क्वचित पसरट झाली, हे खरे. परंतु यमूचे आयुष्य आठवड्यामागून आठवडा वाचकाच्या घरात उतरत गेले, तेही त्याच जाचामुळे. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 1895 मध्ये 'मनोरंजन' काढले आणि 1909 मध्ये पहिला दिवाळी अंक दिला, तोही मासिक महिन्याच्या महिन्याला चालवणाऱ्या माणसाच्या व्यवहारबुद्धीतून. आपल्या वाङ्मयीन अस्मितेचा एक मोठा भाग, स्पष्टच बोलायचे तर, वेळेवर अंक काढण्याच्या चिंतेतून जन्मला आहे.

याला खरा आक्षेप एकच आहे, तो अरुण कोलटकरांचा. 1977 मध्ये 'अरुण कोलटकरच्या कविता' आल्या, आणि त्यानंतरचे मराठी संग्रह थेट पाव शतकाने. सातत्याच्या आमच्या आग्रहात हा कवी बसतो का? आमच्या मते तोच सर्वांत घट्ट बसतो. 2003-04 च्या सुमारास 'चिरीमिरी', 'भिजकी वही', 'द्रोण' एकापाठोपाठ बाहेर आले, ते काही त्या वर्षी सुचले नव्हते. छापणे थांबले होते, लिहिणे नाही. जाहिरातीच्या धंद्यात नाव मिळवलेला हा माणूस 'जेजुरी'च्या पुण्याईवर सभा गाजवत हिंडला नाही. तेव्हा पुस्तकांची संख्या मोजा, असे आम्ही म्हणतच नाही.

मोजदादीचे काय होते ते आम्ही 2010 नंतर भोगले. अनुदान आयोगाच्या नियमावलीने एपीआयचे गुण आणले आणि ज्यांनी दहा वर्षांत एक परिच्छेद लिहिला नव्हता त्यांचे शोधनिबंध डझनाने येऊ लागले. पदोन्नती झाली की पुन्हा सामसूम. याला सातत्य म्हणत नाहीत. आमच्या स्वतःच्या पिवळ्या पडलेल्या टिपणांविषयी इथे लिहिणार होतो, पण ती विद्यार्थ्यांनी पाहिलेलीच आहेत.

बदलापूरला श्याम जोशी यांनी उभारलेले 'ग्रंथसखा' आहे. चित्रकला शिकवणाऱ्या शिक्षकाने दुर्मीळ मराठी पुस्तके आणि जुन्या नियतकालिकांचे अंक जमवून ते उभे केले. असा संग्रह एका उद्घाटनात तयार होत नाही. कोणाच्या तरी माळ्यावरचे गाठोडे रद्दीत जाण्याआधी वेळेवर पोहोचावे लागते, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा निघावे लागते. या कामाला आम्ही साहित्यिक कार्य म्हणायलाही कचरतो. नाक्यांना मात्र शाल देतो.

याची किंमत कोण मोजतो तेही सांगितले पाहिजे. आमची एक विद्यार्थिनी होती. घरी जीन्सचे धागे कापण्याचे काम चाले. ते आटोपून ती दर सोमवारी चार पाने लिहून आणायची. पाने कच्ची होती, पण प्रत्येक सोमवारची आधीच्या सोमवारपेक्षा बरी असत. आधी अभिजात वाच, लिहिण्याची घाई नको, असे आम्ही तिला सांगितले. एका सोमवारी ती रिकाम्या हाताने आली. पुन्हा तिने काही आणले नाही, आणि आम्हीही विचारले नाही.

यंदा मंडळासाठी आम्ही परिचयाचा नवा नमुना केला. त्यात एकच रकाना ठेवला: गेल्या दोन वर्षांतील लेखन. पाहुण्यांना पाठवण्याआधी तो विभागातल्या आम्ही पाच जणांनी स्वतः भरून पाहिला. तिघांचा कोरा निघाला.