काट्यावरचा वेग, घड्याळातला वेग

गेल्या दिवाळीत पाडव्याच्या सकाळी माझ्या पुतण्याने मला मोबाइलवर एक चित्रफीत दाखवली. त्याच्या मित्राच्या ओळखीत कुणाकडे तरी फोर्ड मस्टँग आहे. ती घेऊन ही चौकडी भल्या पहाटे सिन्नरजवळ समृद्धी महामार्गावर चढली होती. चित्रण आमच्या चिरंजीवांचे, मागच्या सीटवरून. पडद्यावर फक्त काटा दिसत होता आणि काट्याच्या वर काचेतून पळणारा रस्ता. एकशे चाळीस, एकशे ऐंशी, दोनशे दहा... शेवटी काटा क्षणभर २३२ ला टेकला, आरडाओरडा झाला आणि चित्रफीत संपली.

"काका, दोनशे बत्तीस! हा टॉप स्पीड!"

तेवढ्यात वहिनी फराळाचे ताट घेऊन आल्या आणि मोबाइल झटकन खिशात गेला.

मी रागवायला हवे होते हे कबूल. पण रागवायचा हक्क मी फार पूर्वीच घालवला आहे. कॉलेजात असताना माझ्याकडे जुनी येझदी होती आणि त्र्यंबक रस्त्यावर ती शंभरला लागली होती, असे मी गेली चाळीस वर्षे घरात सांगत आलो आहे. म्हणून मी एवढेच विचारले, "दोनशे बत्तीस कशावरून?"

"कशावरून म्हणजे? काट्यावरून!"

वाचकहो, इथेच खरी मेख आहे. गाडीतला स्पीडोमीटर वेग मोजत नाही. तो चाकाचे फेरे मोजतो आणि टायरचा घेर अमुक इतका आहे असे गृहीत धरून वेग सांगतो. टायर झिजला की घेर कमी होतो, पण काट्याला ते कळत नाही. टायरची जाडी सात मिलिमीटरने कमी झाली तरी वेगात दोन टक्क्यांच्या आसपास फरक पडतो. त्यातून गाड्या बनवणारे काटा मुद्दामच थोडा पुढे ठेवतात. संयुक्त राष्ट्रांच्या ज्या नियमावलीवर अनेक देश चालतात, तिच्यात काट्याने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग कधीही दाखवता कामा नये असे बंधन आहे. जास्त मात्र दाखवता येतो, खऱ्या वेगाच्या दहा टक्के आणि वर ताशी चार किलोमीटर इतका. म्हणजे गाडी शंभरने धावत असताना काटा ११४ दाखवत असला तरी तो नियमात बसतो. आपल्या दुधवाल्याचे माप याच्या उलट बाजूला चुकते, एवढाच फरक.

भाऊबीज झाली आणि दुसऱ्या दिवशी मी पुतण्याला आमच्या साध्या हॅचबॅकमध्ये घातले. मागे सौ. बसल्या, शिर्डीला जायचेच होते. समृद्धीवर मोटारींना १२० ची मर्यादा आहे. मी काटा बरोबर शंभरावर धरला. पुतण्याच्या हातात मोबाइलमधले स्टॉपवॉच. एक पाटी गेली की चालू, पुढची किलोमीटरची पाटी आली की बंद. हिशेब चौथीतल्या मुलालाही जमेल असा आहे. तासाचे सेकंद ३६००, त्याला आलेल्या सेकंदांनी भागायचे. साठ सेकंद लागले तर वेग साठ, पंचेचाळीस लागले तर ऐंशी, छत्तीस लागले तर शंभर. आम्हाला छत्तीस यायला हवे होते. आले अडतीस. पुन्हा मोजले, पुन्हा अडतीस. म्हणजे आमची गाडी शंभरने नव्हे, जेमतेम पंचाण्णवने चालली होती. येताना उलट दिशेनेही तेच.

पुतण्या गप्प झाला. थोड्या वेळाने म्हणाला, "म्हणजे २३२ चे पाच टक्के गेले. २२० तरी राहिले ना?"

आमच्या सोसायटीत ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत. संध्याकाळी बाकावर त्यांच्यापुढे हा प्रश्न ठेवला. ते हसले. म्हणाले, विमानातही दोन वेग असतात, हवेच्या तुलनेत एक आणि जमिनीच्या तुलनेत दुसरा. पाठीवर वारा घेऊन कुणीही शूर होतो. जाऊन या, मग सांगा.

पण आमच्या गाडीला तर जाता-येता अडतीसच लागले होते. त्याचे उत्तर त्यांनीच दिले. काटा शंभरावर धरायचा ठरवला की समोरून वारा आला तर पाय नकळत ॲक्सिलरेटर थोडा जास्त दाबतो, मागून आला तर कमी. फरक पेट्रोलमध्ये पडतो, वेगात नाही. टॉप स्पीडच्या वेळी मात्र पाय आधीच तळाशी टेकलेला असतो. वाऱ्याची आणि चढ-उताराची भरपाई करायला काही उरतच नाही. आणि हवेचा अडथळा तर असा वाढतो की वेग दुप्पट करायचा तर तो ओलांडायला आठपट ताकद लागते. म्हणून तर मस्टँगसारख्या मसल कारमध्ये पाच लिटरचे, आठ सिलिंडरचे इंजिन. आपल्या जुन्या मारुती ८०० च्या इंजिनाच्या सहापट मोठे.

म्हणूनच वेगाचे खरे विक्रम दोन्ही दिशांनी धावून, सरासरी काढून मान्य होतात. १५ ऑक्टोबर १९९७ ला अँडी ग्रीन या ब्रिटिश वैमानिकाने अमेरिकेतल्या ब्लॅक रॉक वाळवंटात थ्रस्ट एसएससी ही जेटगाडी ताशी १२२७ किलोमीटरच्या पुढे नेली, आवाजाच्या वेगालाही मागे टाकले. पण नुसते जाऊन भागले नाही, तासाभराच्या आत परत यावे लागले. उलट २०१९ मध्ये बुगाटीने जर्मनीत ताशी ४९० किलोमीटर गाठले ते एकाच दिशेने. त्यामुळे त्या आकड्यापुढे आजही एक 'पण' लागतो. २०२० मध्ये तर गंमतच झाली. टुआटारा नावाच्या अमेरिकन गाडीने नेवाडातल्या रस्त्यावर ताशी ५०८ किलोमीटरची सरासरी गाठल्याचे जाहीर झाले. घरी बसलेल्या काही हौशी लोकांनी तिची चित्रफीत लावली, रस्त्याकडेच्या खुणांमधली अंतरे नकाशावर मोजली, लागलेला वेळ मोजला आणि गणित जुळत नाही हे दाखवून दिले. पुढच्या वर्षी कंपनीने तो वेग गाठला नव्हता हे मान्य केले.

ही हकीगत मी पुतण्याला सांगितली ती सहज. पण पोरगा इंजिनिअरिंगचा. त्याने रात्री बसून आपलीच चित्रफीत तशी तपासायला घेतली. थांबवून, मागे नेऊन, पुन्हा चालवून त्याने किलोमीटरच्या दोन पाट्या शोधल्या. दुसरी पाटी २३२ च्या जरा आधी. दोहोंमधला वेळ आला साडेएकोणीस सेकंद. त्या किलोमीटरची सरासरी ताशी १८५ सुद्धा नाही! गाडी शेवटपर्यंत वेग घेतच होती, आणि घेत असतानाच ड्रायव्हरने पाय काढला. २३२ हा फक्त काटा खाली येण्यापूर्वीचा क्षण. गाडीचा वेग वाढायचा थांबतो आणि ती मोजलेल्या अंतरभर तो टिकवते, तेव्हा त्याला टॉप स्पीड म्हणतात. त्या पहाटे मस्टँगचा टॉप स्पीड कुणीच मोजला नव्हता.

मात्र ती चित्रफीत बारकाईने पाहताना त्याला आणखी एक गोष्ट दिसली. पहिल्या पाटीपासून अकराव्या सेकंदाला, दुभाजकाच्या कडेला, झाडांना पाणी घालायला वाकलेली एक बाई. डोक्याला पिवळा फडका. पडद्यावर ती दिसते न दिसते तोच निघून जाते. गाडीत चौघे होते, चौघांनीही ती पाहिली नव्हती. सगळे काटा पाहत होते. ताशी १८० म्हणजे सेकंदाला पन्नास मीटर. दचकून ब्रेककडे पाय जाईपर्यंत गाडी पन्नास मीटर पुढे गेलेली असते, ब्रेक लागायला तर अजून सुरुवातच व्हायची असते. हे त्याने मला फोन करून सांगितले तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजले होते.

आता माझे मत. पोरांना वेगाचे वेड लागू नये असे म्हणणे म्हणजे पोरांनी पोरे असू नये असे म्हणणे आहे. आणि हे नाशिक आहे. इथे सातपूरला महिंद्राच्या गाड्या बनतात, ओझरला लढाऊ विमाने बनतात. यंत्राचे कुतूहल इथल्या पाण्यातच आहे. चुकते आहे ती जागा. मोटार वाहन कायद्याच्या १८९ व्या कलमाखाली सार्वजनिक ठिकाणी शर्यती लावणे आणि वेगाच्या चाचण्या करणे हा गुन्हा आहे, पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण त्याच कलमात राज्य सरकारच्या लेखी संमतीचा उल्लेख आहे. म्हणजे कायद्याने दार लावून घेतले असले तरी कडी आतून घातलेली नाही.

जागाही नाहीत असे नाही. आपल्या द्वारका चौकातून जाणारा मुंबई-आग्रा रस्ता धरून इंदूरकडे निघावे, तिथे पिथमपूरला नॅट्रॅक्स ही केंद्र सरकारची चाचणी संस्था आहे. तिचा ११.३ किलोमीटरचा गोल अतिवेगवान ट्रॅक २०२१ मध्ये खुला झाला. महिंद्रा समूहाच्याच पिनिनफरिना कंपनीच्या बॅटिस्टा या विजेवरच्या गाडीने २०२३ मध्ये तिथेच ताशी ३५८ किलोमीटर नोंदवले. अहिल्यानगरला संरक्षण खात्याच्या व्हीआरडीईचे चाचणी ट्रॅक आहेत. ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती झालेल्या आहेत. अशा ठिकाणी वर्षाचे चार रविवार सामान्य गाडीमालकांसाठी राखून ठेवावेत. फी घ्या, हेल्मेट सक्तीचे करा, टायरवरचे वेगाचे अक्षर तपासूनच आत सोडा (एच म्हणजे २१०, व्ही म्हणजे २४०, आपल्या टायरवर कोणते आहे ते आजच खाली उतरून पाहा), रुग्णवाहिका उभी ठेवा आणि दोन्ही दिशांचे मोजमाप करून सही-शिक्क्याचा कागद हातात द्या. काट्याच्या चित्रफितीपेक्षा त्या कागदाचा मान कॉलेजच्या कट्ट्यावर जास्त असेल, याबद्दल मला शंका नाही.

स्टॉपवॉच हातात धरून हे काम होणार नाही, तेही सांगायला हवे. शंभरच्या वेगाला अर्ध्या सेकंदाची चूक झाली तर आकडा दीड किलोमीटरने बदलतो, दोनशेला तीच चूक पाच-सहा किलोमीटरची होते. तिथे उपग्रहावर चालणारी यंत्रेच लागतात.

माझ्या येझदीचे काय, असे पुतण्याने विचारलेच. तिचा काटा ऐंशी आणि शंभर यांच्यामध्ये थरथरत असे आणि मी शंभर वाचत असे. शिवाय तो उतार होता. नव्या हिशेबाने मी तिला पंच्याहत्तरवर आणून ठेवले आहे.

चित्रफीत त्याने मित्रांच्या ग्रुपवरून काढून टाकली, पण स्वतःच्या मोबाइलमध्ये ठेवली आहे. मी का म्हणून विचारले नाही. परवा आम्ही सगळे पुन्हा शिर्डीला निघालो, यावेळी गाडी तो चालवत होता, वहिनीही बरोबर होत्या. सिन्नर मागे पडले, पाटी गेली आणि मागच्या सीटवरून सौ.नी आपणहून मोजायला सुरुवात केली. पुढची पाटी येईपर्यंत गाडीत कुणी बोलले नाही.

"अडतीस," सौ. म्हणाल्या.

"काट्यावर शंभर," तो म्हणाला.