सिस्टिमचा आवाज विकायला काढलाय

कॉम्प्युटर उघडला की जाहिरात दिसते, ही तक्रार आता जुनी झाली. आपण दोन मिनिटं वैतागतो, खिडकी बंद करतो आणि कामाला लागतो. मला मात्र यातली खरी भानगड वेगळीच वाटते. जाहिरात दिसते यापेक्षा ती कुणाच्या आवाजात बोलते, हे जास्त गंभीर आहे. म्हणून थोडं सविस्तर लिहितोय.

आधी हे किती हळूहळू झालं ते बघा. २०१५ साली विंडोज १० आलं, तेव्हा कुणी न मागता कँडी क्रश स्टार्ट मेनूत येऊन बसला होता. २०१६ मध्ये लॉक स्क्रीनवर टॉम्ब रेडर गेमची जाहिरात झळकली. २०१७ मध्ये फाइल एक्सप्लोररमध्ये, म्हणजे आपण आपल्याच फायली शोधतो तिथे, वनड्राइव्हची जाहिरात आली. मार्च २०२२ मध्ये विंडोज ११ च्या चाचणी आवृत्तीत तिथेच पुन्हा एक बॅनर दिसला. लोकांनी ओरड केल्यावर कंपनी म्हणाली, तो प्रयोग होता, बाहेर दाखवायचा नव्हता. एप्रिल २०२४ मध्ये स्टार्ट मेनूत स्टोअरमधली ॲप्स दिसायला लागली. त्या जागेचं नाव काय, तर 'रेकमेंडेड'. शिफारस! आपल्याकडे शिफारस ओळखीचा माणूस करतो. ज्याचं स्वतःचंच दुकान आहे, त्याच्या शिफारशीला आपण काय म्हणतो ते सांगायला नको.

मोबाइलवालेही मागे नाहीत. शाओमीच्या फोनमध्ये सिस्टिमच्या ॲपमध्येच जाहिराती आल्या. लॉक स्क्रीनवर 'ग्लान्स' आलं, आणि ते तर बेंगळुरूचंच. पण फोनबद्दल पुन्हा कधीतरी. आज कॉम्प्युटरबद्दल.

ऑपरेटिंग सिस्टिम आणि वेबसाइट यात एक मोठा फरक आहे. वेबसाइट फुकट वाचतो, तिथे जाहिरात असणार हे आपल्याला कळतं. पण सिस्टिम आपल्याला इशारे देते. बॅटरी संपतेय, डिस्क भरलीय, अपडेट बाकी आहे, व्हायरस सापडलाय. हे इशारे ऐकायचे असतात, ऐकले नाहीत तर आपलंच नुकसान. आता त्याच कोपऱ्यातून, त्याच अक्षरात, त्याच रंगात सांगितलं जातं की तुमच्या कॉम्प्युटरचा बॅकअप नाही. घाबरून आपण 'हो' म्हणतो. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, फोटो सगळं वनड्राइव्हवर जायला लागतं. तिथे फुकट जागा किती? ५ जीबी. एका लग्नाचे फोटोसुद्धा मावायचे नाहीत. मग दुसरा इशारा येतो: जागा भरली, प्लॅन घ्या. यातला इशारा कुठे संपला आणि विक्री कुठे सुरू झाली, हे तुम्ही-आम्ही सांगू शकू. पण रिटायर झालेले गुरुजी कसं सांगतील? घरून लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देणारी ताई कशी सांगेल?

ओळखीतले लोक अडलं की मला फोन करतात. दहातले सात फोन एकाच वाक्याचे असतात: "दादा, काहीतरी आलंय, दाबू का?" खिडकी कधी अँटिव्हायरसची असते, कधी ब्राउझरची, कधी प्रिंटरवाल्यांची. या प्रश्नाला माझ्याकडे सरळ उत्तर नाही. 'दाबू नका' म्हणावं तर उद्या खरंच गरजेचं अपडेट राहील. 'दाबा' म्हणावं तर परवा कुणीतरी 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा' असा खोटा पडदा टाकेल आणि माणूस तोही दाबेल. असल्या खोट्या पडद्यांवर लोकांचे पैसे गेलेत. एकीकडे आपण 'सायबर साक्षर व्हा' म्हणून पोस्टर लावायचे आणि दुसरीकडे सिस्टिमनेच रोज माणसाला संभ्रमात टाकायचं, हे कसं चालेल?

यावर ठरलेलं उत्तर येतं: "सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येतं की!" येतं. पण एकाच ठिकाणी नाही. स्टार्टचं वेगळं, लॉक स्क्रीनचं वेगळं, नोटिफिकेशनचं वेगळं, फाइल एक्सप्लोररचं वेगळं. गंमत बघा, सगळं मुळातच बंद ठेवणारी एक सरकारी भाषेतली 'पॉलिसी' विंडोजमध्ये आहे, पण ती एंटरप्राइज आणि एज्युकेशन आवृत्तीत चालते. घरात आणि दुकानात असते ती होम आवृत्ती, तिला ही सोय नाही. म्हणजे मोठ्या कंपनीला शांतता, आणि लॅपटॉपच्या किमतीतच लायसन्सचे पैसे मोजलेल्या साध्या गिऱ्हाइकाला भोंगा.

आणि 'तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही' हे कुणी सांगू नये. युरोपात डिजिटल मार्केट्स कायदा आल्यावर २०२४ पासून तिथल्या लोकांना एज ब्राउझर काढून टाकता येतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. त्यानंतर एक वर्षाचे सुरक्षा अपडेट फुकट हवे असतील, तर बॅकअप चालू करा किंवा रिवॉर्ड पॉइंट द्या, अशी अट होती. तिथल्या ग्राहक संघटनांनी आवाज उठवला आणि युरोपापुरती ती अट निघाली. आपल्याकडे राहिली. कारण सोपं आहे, त्यांनी मागितलं, आपण नाही.

मग पर्याय काय? लिनक्स. विंडोज ११ ला न चालणारे जुने लॅपटॉप लिनक्स मिंटवर छान चालतात. पेन ड्राइव्हवरून आधी चालवून बघता येतं, आतल्या डेटाला हात न लावता. ब्राउझर, मेल, लिब्रे ऑफिस, मराठी युनिकोड टायपिंग सगळं होतं. पण उगाच गोडवे गात नाही. टॅलीवर दुकान चालत असेल, कोरल ड्रॉवर पत्रिका छापत असाल, श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये वीस वर्षांचं काम पडलं असेल, तर घाई करू नका. काही जुने प्रिंटरही त्रास देतात. आणि लिनक्सवाले सगळे संत आहेत असंही नाही. २०१२ मध्ये उबुंटूने आपल्याच शोधखिडकीत ॲमेझॉनचा माल दाखवायला सुरुवात केली होती. रिचर्ड स्टॉलमन यांनी त्याला उघड उघड हेरगिरी म्हटलं, वापरणाऱ्यांनी पिच्छा सोडला नाही आणि २०१६ च्या आवृत्तीत ते मुळातच बंद करून मिळालं. लिनक्सचा मोठेपणा मला इथे दिसतो. तिथे चूक झाली तर भांडता येतं, नाही जमलं तर दुसरं घर शोधता येतं.

केरळने सरकारी शाळांमध्ये कित्येक वर्षांपासून लिनक्स आणलंय. मुलं त्यावरच शिकतात, कुणाचं काही अडलं नाही. आपल्याकडे कॉम्प्युटर शिकणं म्हणजे विंडोज आणि ऑफिस शिकणं, हे समीकरण डोक्यात पक्कं बसलंय. पिढीच्या पिढी एकाच दुकानाच्या दारात आपण नेऊन सोडली, आणि आता दुकानदार आत ओरडतो म्हणून तक्रार करतोय.

म्हणून तीन गोष्टी सुचवतो.

एक, घरातल्या ज्येष्ठांच्या कॉम्प्युटरवर रविवारी अर्धा तास बसा. स्टार्ट, लॉक स्क्रीन, नोटिफिकेशन आणि प्रायव्हसी या चार ठिकाणी 'टिप्स', 'सजेशन्स', 'ऑफर्स' असं जे जे दिसेल ते बंद करा.

दोन, भंगारात निघालेला लॅपटॉप विकण्याआधी त्यावर मिंट टाकून बघा. मुलांच्या अभ्यासाला तो अजून चार वर्षं पुरेल.

तीन, शाळा समितीत किंवा ग्रामपंचायतीत असाल तर पुढच्या कॉम्प्युटर खरेदीच्या वेळी एक ओळ लिहून घ्या: मशीन जाहिराती बंद करून द्यावं. पुरवठादार कुरकुर करेल, पण पैसे आपले आहेत.

कुणाला मिंट टाकायला मदत हवी असेल तर कॉमेंटमध्ये लॅपटॉपचं मॉडेल आणि रॅम किती ते लिहा. जमेल तसं उत्तर देईन.