आठ संत्री आणि एक तराजू



या दिवाळीत बोरगावला ताईकडे गेलो होतो. (सौंसरजवळचं बोरगाव. २०२३ पासून जिल्हा छिंदवाडा नाही, पांढुर्णा. पत्ता लिहिताना हात अजून अडखळतो.) आंबिया बहाराची संत्री उतरत होती, पण घर गप्प होतं. बीसीएच्या पहिल्या वर्षाला असलेला भाचा ‘सी’च्या चाचणीत नापास झाला होता आणि कॉलेज सोडतो म्हणत होता.

“मामा, मले प्रोग्राम पाठ येते. पण गणित जरा बदललं की काही सुचतच नाही.”

काय बोलणार? बीईला मीही प्रोग्राम पाठ करूनच पास झालो. पहिल्या मुलाखतीत बबल सॉर्ट धडाधड लिहिला, “यादी आधीच क्रमाने लागलेली असेल तर?” असं विचारल्यावर घाम फुटला. ती नोकरी मिळाली नाही.

त्याचा लॅपटॉप बंद केला. अंगणातल्या ढिगातली आठ संत्री घेतली, दोन पारड्यांचा जुना तराजू काढला आणि वजनं लपवून ठेवली. सगळ्यात जड संत्रं शोध म्हटलं. त्याने जोड्या लावल्या, जड निघालेल्यांच्या पुन्हा जोड्या. आठाची चार, चाराची दोन, दोनाचं एक. सात वेळा तोलून काम झालं.

“आता दुसऱ्या नंबरचं?”

तो उरलेली सात घेऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. म्हणजे आणखी सहा, एकूण तेरा. “कमीत होईल का?” एवढं विचारून मी थांबलो. उत्तर सांगून टाकायची इतकी घाई होत होती, की शेवटी चहा ठेवायला आत गेलो.

परत आलो तर तीन संत्री बाजूला काढलेली.

“दुसऱ्या नंबरचं फक्त पहिल्याकडूनच हरलं असंल ना, मामा? अन् पहिल्यानं तिघांलेच तर हरवलं.”

तिघांत दोनदा तोललं. सात आणि दोन, नऊ.

तोवर कोडची एक ओळही लिहिली नव्हती. यालाच ‘कम्प्युटेशनल थिंकिंग’ म्हणतात. सेमूर पॅपर्ट यांनी १९८० मध्ये हा शब्द वापरला. २००६ मध्ये जेनेट विंग यांनी लेख लिहून हे कौशल्य सगळ्यांनाच हवं असं मांडलं. आपल्याकडे एसीएम इंडियाचा ‘सीएसपाठशाला’ उपक्रम २०१६ पासून शाळकरी मुलांना कॉम्प्युटरशिवाय, खेळ आणि कोड्यांतून हेच शिकवतो. मग कॉलेजात पहिल्याच दिवशी अर्धविराम कुठे द्यायचा इथून सुरुवात का होते, हे मला कळत नाही.

पंधरा दिवसांनी व्हॉट्सॲपवर निरोप आला: “सोळा संत्र्यांले अठरा.” बरोबर! सोबत प्रोग्रामही होता. तो पहिलं संत्रं शोधायचा आणि दुसऱ्यापाशी अडकायचा. मी एवढंच विचारलं, “हरलेली संत्री कुठे ठेवलीस?”

अजून उत्तर नाही. कॉलेजला मात्र जातोय, असं ताई म्हणाली.