मायग्रेशनची फाईल वाचा

‘लक्ष्मीकांत’ या नावात अक्षरे किती? कागदावर मोजली तर चार: ल, क्ष्मी, कां, त. पोस्टग्रेस मात्र अकरा मोजते. हलन्ताची खूण, वेलांटी, काना, अनुस्वार, प्रत्येकाला युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांक आहे आणि व्हारचारच्या कंसातला आकडा हे क्रमांक मोजतो. नावासाठी व्हारचार(१०) ठेवलेल्या टेबलात लक्ष्मीकांत मावत नाही, इन्सर्ट एरर देऊन थांबतो. पण त्याआधी सगळ्या टेस्ट पास झालेल्या असू शकतात. कारण टेस्ट एसक्यूलाइटवर चालल्या, आणि एसक्यूलाइट तो कंसातला आकडा पाळतच नाही. जँगोच्या मॉडेलमध्ये मॅक्स-लेंथ लिहिली म्हणजे सेव्ह करताना लांबी तपासली जाते, असे अनेकांना वाटते. ती तपासणी फॉर्ममधून किंवा फुल-क्लीन बोलावल्यावर होते, नुसत्या सेव्हने होत नाही.

फॉरेन कीचेही असेच. एसक्यूलाइटमध्ये ते बंधन सहसा बंदच असते, प्रत्येक कनेक्शनवर प्राग्मा देऊन चालू करावे लागते. जँगो २.० पासून हे काम स्वतः करते. एसक्यूएलअल्केमी वापरणाऱ्याला ते आठवणीने करावे लागते. म्हणून आमचे पहिले म्हणणे सरळ आहे: प्रॉडक्शनमध्ये जो डेटाबेस, टेस्टमध्येही तोच, आणि तीच आवृत्ती. सीआयमध्ये पोस्टग्रेसचा कंटेनर उभा करणे आता काही सेकंदांचे काम आहे. वेग हे कारण पूर्वी पटण्यासारखे होते, आज नाही.

पण डेटाबेस तोच असूनही फसगत होते, आणि ती जास्त खोल आहे. बहुतेक ठिकाणी टेस्टचा स्कीमा थेट मॉडेलवरून बनतो. एसक्यूएलअल्केमीत क्रिएट-ऑल, हायबरनेटमध्ये क्रिएट-ड्रॉप. जँगो टेस्टच्या आधी मायग्रेशन चालवते खरे, पण वेळ वाचवायला ते बंद करणाऱ्या टीम कमी नाहीत. प्रॉडक्शनचा स्कीमा मात्र अनेक वर्षांच्या मायग्रेशननी घडलेला असतो, आणि त्यात कोणीतरी रात्री हाताने चालवलेला एखादा अल्टर टेबलही असतो. म्हणजे आपण तपासतो एक स्कीमा आणि ग्राहक वापरतात दुसरा. शिवाय मायग्रेशन चालले तरी ते रिकाम्या टेबलावर चालते. रिकाम्या टेबलावर नॉट-नल लावणे कधीच अडत नाही. अडते ते जुने नल रेकॉर्ड असलेल्या टेबलावर.

काही वर्षांपूर्वी मी ज्या टीममध्ये होतो, तिथे ‘फोन’ या कॉलमचे नाव ‘मोबाईल’ करायचे होते. जँगोच्या मेकमायग्रेशन्सने विचारले, हा कॉलम रिनेम केला आहे का? त्या प्रश्नाचे ठरलेले उत्तर ‘नाही’ असते, आणि घाईत एंटर दाबला गेला. तयार झालेल्या फाईलमध्ये दोनच ओळी होत्या: रिमूव्ह-फील्ड, अ‍ॅड-फील्ड. टेस्ट पास झाल्या, कारण मॉडेल आणि टेबल जुळत होते. रिव्ह्यू करणाऱ्याने मॉडेल वाचले, मायग्रेशनची फाईल ‘आपोआप तयार झालेली’ म्हणून उघडलीच नाही. रिव्ह्यू करणारा मीच होतो. सकाळी सगळ्या ग्राहकांचा मोबाईल कॉलम रिकामा होता. रात्रीच्या बॅकअपमधून बहुतेक नंबर परत आले. बॅकअपनंतर नोंदवलेले गेले ते गेलेच. एसक्यूएलअल्केमीसोबत मायग्रेशनसाठी वापरले जाणारे अलेंबिक तर असा प्रश्नही विचारत नाही. नाव बदलले की त्याच्या ऑटोजनरेटला एक कॉलम गेला आणि दुसरा आला एवढेच दिसते.

मायग्रेशन ही लिहून, वाचून, जपून ठेवायची गोष्ट आहे, हे या क्षेत्राने मेहनतीने मिळवले आहे. जँगोमध्ये ती सोय मुळात नव्हती. अँड्र्यू गॉडविन यांचे साउथ हे वेगळे पॅकेज लोक वापरत. २०१३ मध्ये त्यांनी किकस्टार्टरवर लोकवर्गणी गोळा केली आणि २०१४ च्या १.७ आवृत्तीत मायग्रेशन जँगोचा भाग झाले. ज्या फाईलसाठी लोकांनी खिशातून पैसे दिले ती आपण न वाचता मर्ज करतो, याचे मला वाईट वाटते.

वाचताना लॉककडे विशेष लक्ष द्या. पोस्टग्रेसमध्ये बहुतेक अल्टर टेबलना संपूर्ण टेबलाचे लॉक लागते. आधीची एखादी लांबलेली सिलेक्ट चालू असेल तर अल्टर तिच्या मागे थांबतो, आणि त्यानंतर आलेली प्रत्येक क्वेरी अल्टरच्या मागे. दहा मिलिसेकंदांच्या कामासाठी साइट दहा मिनिटे बंद पडते ती अशी. लॉक-टाइमआउट लावा, लॉक मिळाले नाही तर पुन्हा प्रयत्न करा. मोठ्या टेबलावरचा इंडेक्स कॉनकरंटली बनवा, मात्र तो ट्रान्झॅक्शनमध्ये चालत नाही, म्हणून त्याचे मायग्रेशन वेगळे ठेवा. मायएसक्यूएल वापरत असाल तर आणखी सावध राहा: तिथे प्रत्येक डीडीएल आपोआप कमिट होते, त्यामुळे अर्ध्यात तुटलेले मायग्रेशन अर्धेच लागलेले राहते.

डाउनग्रेड लिहिले आहे यावरही विसंबू नका. ड्रॉप केलेला कॉलम डाउनग्रेडने परत येतो, त्यातला डेटा येत नाही. म्हणून वापरात असलेल्या कॉलमचे नाव बदलणे हे एका रिलीजचे काम नाही. आधी नवा कॉलम जोडा आणि दोन्हीत लिहा, मग जुना डेटा भरा आणि वाचन नव्यावर न्या, जुना सगळ्यात शेवटी काढा.

सीआयमध्ये एक टेस्ट तरी अशी हवी: मागच्या रिलीजचा स्कीमा, ओळख पुसलेले काही हजार रेकॉर्ड, त्यावर नवे मायग्रेशन, आणि मग मॉडेल व स्कीमा जुळतात का याची तपासणी. अलेंबिक चेक हे शेवटचे काम करते. जँगोचे मेकमायग्रेशन्स चेक मॉडेलची तुलना मायग्रेशनच्या फाइलींशी करते, प्रत्यक्ष टेबलाशी नाही, तेव्हा हाताने केलेला अल्टर त्याला दिसणार नाही.

हे सगळे एका दिवसात होणार नाही. पुढच्या रिलीजआधी एवढे करा: नव्या मायग्रेशनचे एसक्यूएल जँगो असेल तर एसक्यूएलमायग्रेटने काढा, अलेंबिक असेल तर ऑफलाइन मोडने काढा, ते पुल रिक्वेस्टमध्ये चिकटवा, आणि प्रॉडक्शनच्या त्या टेबलात आज किती रेकॉर्ड आहेत तो आकडा त्याखाली लिहा.