खटका पडतो तो आपल्यासाठीच



पावसाळा लागला की पुण्यात अनेक घरांतून एकच तक्रार ऐकू येते, “मेनचा खटका सारखा पडतोय.” कधी फजरला गिझर लावताना, कधी वॉशिंग मशीन सुरू करताना. दोन-चार दिवस खटका वर करून भागवले जाते. मग कोणीतरी सोपा उपाय सुचवतो, “तो काढून टाका, डायरेक्ट जोडून घ्या.” खटका पडायचा थांबतो, घरच्यांना बरे वाटते. दोष मात्र जिथल्या तिथे राहतो.

या खटक्याचे नाव आरसीसीबी. बरेच वायरमन जुन्या सवयीने त्याला ईएलसीबी म्हणतात. बोर्डात तो एमसीबीपेक्षा रुंद असतो आणि त्यावर ‘टी’ किंवा ‘टेस्ट’ लिहिलेले छोटे बटण असते. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो, आरसीसीबी माणूस दगावू नये म्हणून. फेजमधून गेलेली वीज न्यूट्रलमधून तेवढीच परत येते का, यावर त्याची नजर असते. ओल्या भिंतीतून किंवा कोणाच्या अंगातून ती जमिनीत उतरू लागली, की घरगुती आरसीसीबी ३० मिलीअँपिअरच्या आतच पुरवठा तोडतो. ९ वॅटचा एलईडी बल्बसुद्धा याहून जास्त वीज घेतो. १६ अँपिअरचा एमसीबी याच्या ५०० पट वीज वाहू देतो. माणसाला बसलेल्या शॉकची त्याला खबरही लागत नाही. म्हणून आरसीसीबी काढून नुसत्या एमसीबीवर घर चालवणे धोक्याचे आहे.

पाणी आणि वीज एकत्र आली की काय होते, हे आपल्या शहराने पाहिले आहे. २५ जुलै २०२४ रोजी मुसळधार पावसात डेक्कनजवळच्या पुलाची वाडी भागात हातगाडी हलवताना तीन तरुण शॉक लागून गेले. ते रस्त्यावर घडले. आपल्या मोरीत आणि गुसलखान्यात तर पाणी रोजचेच.

मग दोष शोधायचा कसा? बोर्डावर पाणी आले असेल, जळका वास येत असेल किंवा कोणाला झिणझिण्या जाणवल्या असतील, तर काही न करता वायरमनला बोलवा. तसे नसेल तर हात कोरडे करा, पायात चप्पल घाला आणि सगळे एमसीबी खाली करा. आरसीसीबी आधी पूर्ण खाली दाबून मग वर करा. तो टिकला तर एकेक एमसीबी वर करत जा. ज्याच्यावर आरसीसीबी पडेल, दोष त्या लाइनवर आहे.

आता तो एमसीबी खाली करून त्या लाइनवरच्या सगळ्या वस्तूंचे प्लग काढा. नुसते बटण बंद करून भागत नाही, कारण बटण फक्त फेज तोडते. दोष न्यूट्रलकडे असेल तर तो तसाच राहतो. मग वस्तू एकेक करून लावा. गिझरचे एलिमेंट, वॉशिंग मशीन, पाण्याची मोटर, इस्त्री, जुना फ्रिज, गॅलरीतला दिवा हे नेहमीचे संशयित. दोषी वस्तू सापडली की दुरुस्त होईपर्यंत ती बाजूला ठेवा.

सगळे प्लग काढूनही खटका पडला, किंवा सगळे एमसीबी खाली असतानाही तो टिकला नाही, तर दोष वायरिंगमध्ये किंवा खुद्द आरसीसीबीमध्ये आहे. ते काम परवानाधारक वायरमनचे. तो मेगर नावाच्या यंत्राने वायरिंग तपासेल. त्याच वेळी अर्थिंगही तपासून घ्या. जुन्या वाड्यांत ते बऱ्याचदा नावालाच असते. मीटरच्या पुढची वायरिंग ही आपली जबाबदारी. पुरवठ्याची तक्रार असेल तर महावितरणचा क्रमांक १९१२. भाड्याचे घर असेल तर मालकांना स्पष्ट सांगा. चार पैशांचा वाद जिवापेक्षा मोठा नाही.

आरसीसीबी आतून अडकूनही बसतो, म्हणून महिन्यातून एकदा ‘टी’ बटण दाबून पाहा. खटका पडला तर ठीक. नाही पडला तर तो बदला. लक्षात राहण्यासाठी नवा चाँद दिसला की दाबायचे, असे मुलांनाच काम द्या. मशिदीच्या वुजूखान्यातही हे व्हायला हवे; तिथे ओल्या हातांची वर्दळ दिवसातून पाच वेळा असते.

रात्री झोपताना दिवे विझवण्याची ताकीद रसूलुल्लाह (स.) यांनी दिली होती, कारण दिव्याने घराला आग लागू शकते. खबरदारी घेऊन मग अल्लाहवर भरवसा ठेवायचा, हाच तवक्कुल. आणि आपल्याकडे कपडे धुवायला बाई येत असतील, तर मशीनला पहिला हात त्यांचा लागतो. त्यांचा जीवही आपल्याकडे अमानत आहे.

अल्लाह सर्वांची हिफाजत करो. आमीन.