अभिनयाला कुळाचा दाखला कशाला?

आज १४ जानेवारी. घरोघर तिळगूळ वाटला जात असताना, एरवी जेथे मंत्र्यांचे रुसवेफुगवे आणि रस्त्यांतील खड्डे ह्यांचे राज्य असते त्या पहिल्या पृष्ठावर आम्ही एका नटीचे नाव लिहीत आहोत, ह्याचे काही वाचकांना नवल वाटेल. १९०५ साली ह्याच दिवशी श्रीमती दुर्गा खोटे ह्यांचा जन्म झाला, हे त्याचे निमित्त. परंतु केवळ जयंतीचे फूल वाहावे म्हणून आम्ही लेखणी उचललेली नाही. दुर्गाबाईंच्या नावाने गेली कित्येक वर्षे एक गोष्ट सांगितली जात आहे. ती गोष्ट खरी आहे; पण तिच्यातून जो अर्थ काढला जातो तो अन्यायाचा आहे, असे आमचे स्पष्ट मत झाले आहे. ह्या अन्यायात आमचाही हात आहे. तो कसा, ते पुढे सांगूच.

गोष्ट अशी सांगतात की, चित्रपटात काम करणे हे सभ्य घरातील स्त्रीला जेव्हा वर्ज्य होते तेव्हा मुंबईच्या लाड घराण्यातील ही कन्या, खोटे घराण्याची सून, कॅथीड्रल शाळेत आणि सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकलेली ही तरुणी कॅमेऱ्यासमोर उभी राहिली आणि त्या दिवसापासून ह्या धंद्याला प्रतिष्ठा आली. सत्कारसमारंभांत, स्मृतिलेखांत, शालेय निबंधांतदेखील हेच वाक्य थोड्याफार फरकाने येते. जणू प्रतिष्ठा ही दुर्गाबाईंनी माहेराहून आणलेली वस्तू होती आणि स्टुडिओच्या दारात त्यांनी ती सर्वांना वाटून टाकली!

प्रत्यक्षात काय घडले? १९३१ साली त्यांनी चित्रपटात पाऊल टाकले त्यामागे कलेची ओढ नव्हती आणि समाजसुधारणेचा संकल्प तर नव्हताच. घरची श्रीमंती ओसरली होती, पदरात दोन लहान मुलगे होते आणि चार पैसे मिळवावयास हवे होते. मोहन भवनानी ह्यांच्या 'फरेबी जाल' ह्या चित्रपटात त्यांना लहानशी भूमिका मिळाली. चित्रपट सुमार निघाला आणि बोल मात्र दुर्गाबाईंच्या वाट्यास आले. त्या दिवसांत कुळाची पुण्याई त्यांच्या कामी आली नाही. उलट कुळ मोठे म्हणून बोभाटाही मोठा झाला. ज्या कुलीनतेने चित्रपटसृष्टी पावन झाली म्हणून आपण आज गहिवरतो, त्याच कुलीनतेने त्या वेळी ह्या बाईला उंबऱ्याबाहेर उभे केले होते, हे विसरता कामा नये.

त्यांना वाचविले ते तारामतीने. कोल्हापूरच्या प्रभात कंपनीसाठी व्ही. शांताराम ह्यांनी पहिल्या मराठी बोलपटाची, 'अयोध्येचा राजा'ची, जुळवाजुळव चालविली होती. हरिश्चंद्राच्या भूमिकेत गोविंदराव टेंबे होते. तारामतीसाठी शांतारामांनी दुर्गाबाईंना बोलाविले. पार्श्वगायनाची सोय अजून यावयाची होती. जी नटी पडद्यावर दिसेल तिनेच गावयाचे, तिनेच बोलावयाचे आणि यंत्राला ऐकू जाईल अशा बेताने हालचाल करावयाची, अशी ती कसोटी होती. ६ फेब्रुवारी १९३२ रोजी हा बोलपट प्रदर्शित झाला आणि काल नावे ठेवणारी मंडळी आज तिकिटांसाठी रांगेत उभी राहिली. प्रतिष्ठा आली असेल तर ती ह्या कामातून आली.

ह्या तारामतीलाही एक पूर्वेतिहास आहे. १९१३ साली दादासाहेब फाळके ह्यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला तेव्हा तारामतीच्या भूमिकेसाठी त्यांना स्त्री मिळेना. अखेर एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके ह्यांना लुगडे नेसवावे लागले. (ह्याच साळुंक्यांनी पुढे 'लंकादहना'त राम आणि सीता ही दोन्ही पात्रे स्वतःच रंगविली, तेव्हाचा प्रेक्षक मोठा समजूतदार असला पाहिजे.) साळुंक्यांपासून दुर्गाबाईंपर्यंत तारामतीला पोहोचावयास एकोणीस वर्षे लागली आणि ज्या फाळक्यांना तारामती मिळाली नव्हती, त्यांच्याच नावाचा १९८३ सालचा पुरस्कार पुढे ह्या तारामतीला मिळाला.

पण ह्या एकोणीस वर्षांत कोणीच नव्हते काय? होते. १९१३ सालीच फाळक्यांच्या 'मोहिनी भस्मासुरा'त दोन स्त्रिया पडद्यावर आल्या: दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला, जिला पुढे महाराष्ट्राने कमलाबाई गोखले म्हणून ओळखले. त्यांतल्या आईचे नावही दुर्गाबाईच असावे, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. मायलेकी नाटकमंडळीबरोबर गावोगाव हिंडून पोट भरीत होत्या. त्यांच्यामुळे चित्रपटाला प्रतिष्ठा आली असे कोणी म्हणत नाही. ज्या स्त्रियांपाशी गमावण्यास 'प्रतिष्ठा' नव्हती त्यांनी वाट पाडली, आणि त्या वाटेवरून जी चालत आली तिच्या आडनावाची पाटी आपण त्या वाटेला लावली! दुर्गाबाई खोटे ह्यांचा ह्यात काडीचाही दोष नाही. पाटी लावणारे आपण आहोत.

फाळके पुरस्काराचीच यादी पाहा. तो मिळविणाऱ्या पहिल्या चार स्त्रियांत देविकाराणी ठाकूर घराण्याशी नाते सांगणाऱ्या. पण सुलोचना ह्या नावाने गाजलेल्या रूबी मायर्स टेलिफोन ऑपरेटर होत्या, आणि काननदेवींचे बालपण दारिद्र्यात गेलेले. चौथ्या दुर्गाबाई. ह्या चौघींना एका पंक्तीस बसविणारी वस्तू कोणती, हे सांगावयास कुलवृत्तान्त उघडण्याची गरज नाही.

दुर्गाबाईंचे खरे मोठेपण त्यांच्या जन्माच्या दाखल्यात नसून त्यांच्या कामाच्या हिशेबवहीत आहे. कलावंतांना मासिक पगारावर बांधून ठेवणाऱ्या कंपन्यांच्या त्या काळात ह्या बाई एका कंपनीच्या होऊन राहिल्या नाहीत. प्रभातसाठी 'माया मच्छिंद्र'मध्ये स्त्रीराज्याची राणी झाल्या. कलकत्त्यास जाऊन न्यू थिएटर्ससाठी 'राजरानी मीरा' आणि ईस्ट इंडिया कंपनीसाठी 'सीता' केली. देवकी बोस ह्यांची ही 'सीता' १९३४ साली व्हेनिसच्या महोत्सवात गेली. १९३६ च्या 'अमरज्योती'त त्यांची सौदामिनी पोटच्या मुलावरचा हक्क नाकारणाऱ्या न्यायाविरुद्ध समुद्रावर बंड पुकारते. सोशिक तारामती आणि ही चाचेगिरी करणारी सौदामिनी ह्यांच्यामध्ये चारच वर्षांचे अंतर आहे, आणि दोन्ही भूमिका एकाच चेहऱ्याला शोभल्या! १९३७ साली त्यांनी 'साथी' ह्या चित्रपटाच्या निर्मितीचा आणि दिग्दर्शनाचा भार उचलला. ज्या काळी स्टुडिओत स्त्रीला बसावयास खुर्ची मिळाली तरी ती कृपा समजली जाई, त्या काळी एका स्त्रीने दिग्दर्शकाची खुर्ची घेतली, ही घटना आमच्या मते तिच्या साऱ्या कुलवृत्तान्ताहून वजनदार आहे.

आचार्य अत्रे ह्यांनी १९४१ साली 'पायाची दासी' काढला. त्यात सुनेला छळणारी सासू दुर्गाबाईंनी अशी उभी केली की, बंगालच्या चित्रपट-पत्रकारांनी त्याच्या हिंदी आवृत्तीसाठी त्यांना उत्कृष्ट अभिनेत्रीचा मान दिला. 'भरत मिलाप'मधील कामासाठीही तो त्यांना पुन्हा मिळाला. नायिकेने खाष्ट सासू व्हावे, हे धाडस आजच्या कोणत्या नायिकेत आहे? पुढे हिंदी चित्रपटाने त्यांना आईच्या भूमिकांत बसवून टाकले. त्या भूमिका बहुशः ठरीव होत्या, हे आम्ही भक्तिभावापोटी लपविणार नाही. तरीही 'मुगल-ए-आझम'मधील जोधाबाई आठवावी. 'सीता'मध्ये त्यांचे राम झालेले पृथ्वीराज कपूर येथे सव्वीस वर्षांनी अकबर होऊन समोर उभे आहेत. नवऱ्याची गर्जना आणि मुलाचा हट्ट ह्यांच्यात सापडलेली ही राणी फारसे बोलत नाही. पण ती गप्प असते तेव्हाही प्रेक्षकाची नजर तिच्यावरून हलत नाही. १९७४ च्या 'बिदाई'साठी फिल्मफेअरचा सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला तेव्हा त्यांनी सत्तरी गाठली होती.

रंगभूमीवरील त्यांच्या कामाविषयी लिहावयाचे तर हात आखडता घ्यावा लागतो; कारण नाटक पडद्याबरोबर संपते. मुंबई मराठी साहित्य संघाच्या रंगमंचावर 'भाऊबंदकी'त त्यांनी आनंदीबाई केली आणि शिरवाडकरांनी मॅकबेथवरून रचलेल्या 'राजमुकुट'मध्ये राज्यलोभाने पतीला खुनास प्रवृत्त करणारी स्त्री साकारली. १९५८ साली संगीत नाटक अकादमीने आणि १९६८ साली पद्मश्री देऊन सरकारने त्यांचा गौरव केला. उतारवयातही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. त्यांच्या संस्थेने लघुपट काढले, जाहिरातपट काढले. १९८८ साली दूरदर्शनवर घराघरांत पाहिली गेलेली 'वागळे की दुनिया' त्यांच्याच संस्थेची निर्मिती. २२ सप्टेंबर १९९१ रोजी त्या गेल्या. मागे 'मी दुर्गा खोटे' हे आत्मचरित्र आहे. शांता गोखले ह्यांनी ते इंग्रजीत नेले. मराठी तरुणांनी ते मराठीत वाचावे, एवढीच आमची अपेक्षा.

आता आमच्या स्वतःच्या अपराधाकडे वळू. तीसेक वर्षांपूर्वी आम्ही एका शाळेत मराठी शिकवीत होतो. एकांकिका स्पर्धेसाठी नववीतील एका मुलीची निवड केली, तर दुसऱ्या दिवशी तिचे वडील शिक्षकांच्या खोलीत हजर. गृहस्थ सभ्य, हात जोडून म्हणाले, "सर, आमच्या घरातल्या मुली नाटकात जात नाहीत." आम्ही तत्काळ उत्तरलो, "अहो, दुर्गाबाई खोटे तर झेवियर्समध्ये शिकलेल्या, केवढ्या मोठ्या घरातल्या!" गृहस्थ विरघळले. "मग हरकत नाही," म्हणाले. आम्ही विजयी मुद्रेने चहा मागविला. त्याच आठवड्यात दुसऱ्या भूमिकेसाठी एका मुलीचे नाव निघाले. तिची आई तमाशाच्या फडात नाचत असे. मुलगी शहरात आजीपाशी राहून शिके. आवाज खणखणीत, पाठांतर चोख. आमचे एक सहकारी हळूच म्हणाले, "हिला नको. लोक म्हणतील, रक्तातच आहे." आणि आम्हांस उत्तर सुचले नाही. कसे सुचणार? चार दिवसांपूर्वी आम्हीच घराण्याचा दाखला हे अंतिम प्रमाण मानले होते. एकांकिकेला पहिले बक्षीस मिळाले. त्या दिवशी पडदा ओढण्याचे काम त्या दुसऱ्या मुलीने केले.

हा प्रश्न जुन्या जमान्याबरोबर गेला, असे कोणी समजू नये. २०१७ साली केरळातील एका अभिनेत्रीवर अत्याचार झाला आणि तेथील सरकारने न्यायमूर्ती हेमा ह्यांची समिती नेमली. समितीने २०१९ च्या डिसेंबरात अहवाल दिला. तो लोकांसमोर यावयास २०२४ चा ऑगस्ट उजाडला, आणि तोही काही भाग वगळून. अत्याचाराच्या तक्रारी त्यात आहेतच. पण लेखी कराराचा अभाव, कपडे बदलावयास आडोसा नसणे, शौचालय नसणे अशा साध्या गोष्टीही आहेत. चित्रीकरणाच्या जागी सोय नसते म्हणून स्त्रिया दिवसभर पाणी पीत नाहीत, हे त्या अहवालातील वाक्य वाचून आमची मान खाली गेली. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या संरक्षणाचा कायदा २०१३ चा. चित्रपटनिर्मितीच्या जागीही तक्रार समिती हवीच, असे केरळ उच्च न्यायालयाने २०२२ साली बजावले. इतके उघड सत्य सांगावयास न्यायालय लागावे काय?

महाराष्ट्राने केरळकडे बोट दाखवून स्वतःस निर्दोष ठरवू नये. नाटकाच्या दौऱ्यावर जाणाऱ्या कोणत्याही अभिनेत्रीस विचारा, गावोगावच्या रंगपटांची आणि तेथील स्वच्छतागृहांची स्थिती काय आहे ते. ज्या मुलीचे आडनाव वजनदार आहे, जिच्या मागे बाप, भाऊ वा काका उभा आहे, ती निर्मात्यास चार शब्द सुनावू शकते. जी खानदेशातून वा कोकणातून एकटीच मुंबईस आलेली आहे, भाड्याच्या खोलीत चौघींबरोबर राहते आणि रोजच्या मानधनावर जगते, तिने कोणाचा दाखला दाखवावा? तिला हवा आहे तो मराठीत लिहिलेला, तिच्या सहीचा आणि तिच्या हातात एक प्रत देणारा करार. तिला हवे आहे तक्रार समितीतील सदस्यांची नावे आणि दूरध्वनी क्रमांक लिहिलेला फलक, आणि तोही रंगपटातच, व्यवस्थापकाच्या खोलीत नव्हे. निर्मात्यांच्या संघटनांनी हे स्वखुशीने करावे. न केल्यास, करार आणि फलक असल्याखेरीज अनुदानाचा रुपयाही मिळणार नाही, अशी अट सरकारने घालावी. ही मागणी अवाजवी आहे असे ज्यांना वाटते त्यांनी आपले म्हणणे सही करून आमच्याकडे पाठवावे. आम्ही ते अवश्य छापू.

राज्यातील अनेक नाट्यगृहे पालिकांच्या मालकीची आहेत आणि पालिकांची अंदाजपत्रके आता लवकरच मांडली जातील. त्यांत दर्शनी भागाच्या रंगरंगोटीसाठी रक्कम असते, नामफलकावरील दिव्यांसाठीही असते. रंगपटाच्या दाराला आतून लागणारी कडी बसवावयास आणि शेजारच्या नळाला पाणी आणावयास किती खर्च येतो, एवढे एखाद्या सदस्याने सभागृहात उभे राहून विचारावे.