सटवाईच्या नावावर किती खपवावयाचे?



धम्मदीक्षा घेतली त्या दिवशी आपण देव्हारा उचलला, गंडेदोरे तोडले आणि नवस फेडणे बंद केले. परंतु घरात मूल जन्मले की पाचव्या रात्री कोणी तरी वडीलधारी बाई हळूच पाटा-वरवंटा मांडते, शेजारी कोरा कागद व लेखणी ठेवते आणि दिवा रात्रभर विझू देत नाही. त्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी त्याचे नशीब लिहून जाते, ही जुनी समजूत दीक्षेच्या पाण्याने अद्याप धुऊन निघालेली नाही. पुढे तेच मूल जुलाबाने किंवा न्यूमोनियाने दगावले, तर घरचे लोक म्हणतात, ‘त्याच्या कपाळी तेवढेच लिहिले होते.’ या एका वाक्याविरुद्ध आज आम्हांस लिहावयाचे आहे. हे वाक्य ज्याने मान्य केले, त्याने खऱ्या गुन्हेगारास निर्दोष सोडले, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आपल्याच नाशिकचे उदाहरण घ्या. २०१७ सालच्या ऑगस्ट महिन्यात येथील जिल्हा शासकीय रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता कक्षात ५५ बालके मरण पावली. त्या वर्षीच्या एप्रिलपासून धरले तर हा आकडा १८७ वर जात होता. ही माहिती सप्टेंबरात वृत्तपत्रांत आली तेव्हा सर्वांना कळले की, बाळास ऊब देणाऱ्या काचेच्या पेट्या कक्षात अवघ्या अठरा होत्या आणि जागेअभावी एकेका पेटीत दोन-दोन, तीन-तीन बाळे ठेवावी लागत होती. आता सांगा, या १८७ कपाळांवर एकाच सटवाईने एकच मजकूर लिहिला होता काय? आणि तिचा हात नेमका सरकारी रुग्णालयात येणाऱ्या गरिबांच्या बाळांवरच कसा पडला?

रुग्णालयाच्या वतीने सांगण्यात आले की, हलगर्जीपणा झालेला नाही. पुष्कळशी बालके खाजगी इस्पितळांतून अगदी शेवटच्या क्षणी आणली गेली होती, कित्येक अपुऱ्या दिवसांची व अपुऱ्या वजनाची होती आणि त्यांच्या फुप्फुसांची वाढ झालेली नव्हती. हे खरे असेल, आम्ही ते नाकारीत नाही. परंतु हा बचाव आहे, की दुसरे आरोपपत्र? बाळ अपुऱ्या वजनाचे का जन्मले? त्याची आई नवव्या महिन्यापर्यंत निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागेत, लासलगावच्या कांद्याच्या खळ्यावर किंवा वीटभट्टीवर वाकून राबत होती आणि तिच्या ताटात भाकरीबरोबर मिरचीच्या ठेच्यावाचून काही नव्हते, म्हणून. ते शेवटच्या क्षणी का आणले गेले? जवळच्या दवाखान्यात शुश्रूषा करणारे माणूस नव्हते आणि खाजगी दाराशी आधी पैसे मोजावे लागले, म्हणून. जो उशीर गरिबाच्या माथी मारला जातो, तो वस्तुतः व्यवस्थेने केलेला उशीर असतो.

हा प्रश्न जातीचाही आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालील मुलांच्या उंचीची मोजणी झाली. अनुसूचित जातींच्या दर शंभर मुलांपैकी सुमारे ३९ आणि आदिवासींची सुमारे ४१ मुले खुरटलेली आढळली. वरिष्ठ समजल्या जाणाऱ्या वर्गात हे प्रमाण ३० च्या आसपास होते. मोजपट्टीला जात कळत नाही, तरी तिने जात दाखविली. म्हणून सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरच्या पाड्यांवरील आदिवासी आईचे दुःख आपल्या दुःखाहून वेगळे आहे, असे आपल्यापैकी कोणी मानू नये.

आता कोणी म्हणेल, पेट्या वाढवा म्हणजे झाले. पेट्या वाढविल्याच पाहिजेत. परंतु पेटी बाळाला दूध पाजत नाही, त्याचा श्वास मोजत नाही आणि ते निळे पडू लागले तर धावत येत नाही. हे काम परिचारिकेचे आहे. अशा कक्षात प्रत्येक पाळीत तीन-चार बाळांमागे एक परिचारिका असावी, असा सरकारचाच दंडक आहे. भंडाऱ्यात तो किती पाळला जात होता? तेथील जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षास ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर आग लागली. परिचारिकेने दार उघडले तेव्हा कक्ष धुराने भरून गेला होता. सात बाळे वाचविता आली, दहा गेली. नवजात बालक घंटा वाजवू शकत नाही, हाक मारू शकत नाही. त्याच्यावर सतत ठेवलेली नजर हाच त्याचा अर्धा उपचार असतो. आणि या नजरेचे मोल आपल्या राज्यकर्त्यांनी किती ठरविले आहे? कित्येक परिचारिकांना वर्षानुवर्षे कंत्राटावर राबविले जाते; दुर्घटना घडली की मात्र गुन्ह्याच्या यादीत त्यांचे नाव सर्वांच्या आधी येते.

शुश्रूषेची ही अवहेलना आजची नाही, तिचे मूळ वर्णधर्मात आहे. ज्या धर्माने बाळंतिणीस विटाळ मानला, मलमूत्र साफ करणाऱ्या हातास अपवित्र ठरविले आणि देशाच्या अनेक भागांत नाळ कापण्याचे काम अस्पृश्य बायकांवर सोपवून नंतर त्याच बायकांना उंबऱ्याबाहेर उभे केले, त्या धर्माला शुश्रूषा ही विद्या वाटणार कशी? काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाची हकीकत १९२९ च्या डिसेंबरात ‘यंग इंडिया’त छापून आली होती आणि बाबासाहेबांनी ती आपल्या लेखनात जतन करून ठेवली आहे. त्या शिक्षकाची पत्नी बाळंतपणानंतर आजारी पडली. मोठ्या विनवण्या केल्यावर डॉक्टर आला खरा, पण वस्तीत शिरला नाही. त्याने तापमापक एका मुसलमान गृहस्थाच्या हाती दिला, त्याने तो पतीस दिला आणि पतीने पत्नीस लावला. डॉक्टरने तिला हात न लावताच रोगाचे निदान केले. ती बाई मरण पावली आणि तिचे तान्हे मूल आईवाचून राहिले. तिला न्यूमोनियाने मारले की शिवाशिवीने, हे आपणच ठरवा.

याच्या उलट तथागतांचे वर्तन पाहा. विनयपिटकात एक प्रसंग आहे. पोटाच्या विकाराने जर्जर झालेला एक भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडून होता आणि कोणी त्याच्याकडे फिरकत नव्हते. भगवंतांनी आनंदाकरवी पाणी आणविले, स्वतः त्याच्या अंगावर ओतले, दोघांनी त्यास स्वच्छ केले आणि उचलून बिछान्यावर निजविले. नंतर त्यांनी संघास बजावले की, ज्याला माझी सेवा करावयाची असेल त्याने आजाऱ्याची सेवा करावी. ते एवढ्यावर थांबले नाहीत. औषध तयार करता येणे, पथ्यापथ्य कळणे, लोभाने नव्हे तर मैत्रीने सेवा करणे, मलमूत्राची व वांतीची किळस न वाटणे आणि रोग्यास चार शब्दांनी धीर देता येणे, असे शुश्रूषा करणाऱ्याचे पाच गुणही त्यांनी सांगितले. अडीच हजार वर्षांपूर्वी सांगितलेल्या या पाच गुणांत आजच्या परिचारिकेच्या शिक्षणातील कोणता पाया राहून गेला आहे? सावित्रीबाई फुल्यांनी हाच धर्म आचरिला. पुण्यात प्लेग असताना मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात पोहोचविले; त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे प्राण गेले.

बाबासाहेब आणि माता रमाई यांची गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार मुले बालपणीच गेली. पाचांपैकी एकटे यशवंतराव वाचले. राजरत्नाचा मृत्यू १९२६ चा. पुढे दोनच वर्षांनी, २८ जुलै १९२८ रोजी, कामगार स्त्रियांच्या प्रसूती-भत्त्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात आले तेव्हा बाबासाहेब त्याच्या बाजूने उभे राहिले. प्रसूतीच्या आधी व नंतर आईला विसावा मिळण्यात राष्ट्राचे हित आहे आणि त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलला पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. ज्या पित्याने चार मुले मातीला दिली त्याने नशिबाकडे बोट दाखविले नाही, त्याने कायदा मागितला. हा धडा आपण घेतला आहे काय? १९२९ साली तो कायदा झाला. २०१७ साली प्रसूतीची रजा २६ आठवड्यांची झाली. परंतु द्राक्षबागेतील मजूर बाईच्या पदरी या रजेतील एक दिवसही पडत नाही. संविधानाचे ४२ वे कलम प्रसूति-साहाय्याची तरतूद करण्यास राज्यास सांगते आणि ४७ वे कलम लोकांचे पोषण व आरोग्य सुधारणे हे राज्याचे आद्य कर्तव्य मानते. ही कलमे कागदावर राहिली याचा जाब विचारणार कोण?

तो जाब आपण विचारावयाचा आहे, आणि त्यासाठी आधी आपले हक्क माहीत असावयास हवेत. २०११ साली सुरू झालेल्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार बाळंतिणीस, आणि पुढे झालेल्या विस्तारानुसार वर्षाच्या आतील आजारी बालकासही, सरकारी रुग्णालयात उपचार, औषधे, तपासण्या व ने-आण करणारे वाहन विनामूल्य मिळाले पाहिजे. बाहेरून औषध आणण्यास सांगितले तर ते लेखी मागा. रुग्णालयात बाळ जन्मले तर पहिल्या बेचाळीस दिवसांत आशा सेविकेने सहा वेळा घरी येऊन ते पाहिले पाहिजे, आणि घरी जन्मले तर सात वेळा. ती आली नाही तर तिच्याशी भांडू नका. तिच्यावर किती घरांचा भार टाकला आहे, हे तिच्या वरिष्ठांना विचारा. आणि तुटपुंज्या मोबदल्यावर झिजणारी ती बाई व कंत्राटावरील परिचारिका जेव्हा संपावर जातात, तेव्हा त्यांच्यामागे उभे राहा. कारण त्यांचा पगार आपल्या बाळाच्या श्वासाशी बांधलेला आहे.

परंतु सरकारकडे बोट दाखविताना आपले हात रिकामे राहता कामा नयेत. घरच्या शुश्रूषेत केवढी शक्ती आहे, हे गडचिरोलीने दाखवून दिले आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी तेथील खेड्यांतल्या अल्पशिक्षित बायकांना नवजात बाळाची निगा शिकविली आणि त्या खेड्यांत तिसऱ्या वर्षी नवजात बालकांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. हे निष्कर्ष १९९९ साली जगापुढे आले. त्याहूनही आधी, १९७८ साली, कोलंबिया देशातील बोगोटा शहरात नाशिकसारखीच अडचण होती. बाळे अधिक आणि पेट्या कमी. तेथील डॉक्टरांनी अपुऱ्या वजनाची बाळे आईच्या उघड्या छातीशी, कातडीस कातडी लागेल अशी बांधून ठेवण्याचा प्रघात पाडला. पुढे भारतासह पाच देशांत याची परीक्षा झाली. जन्मल्याबरोबर अशी ऊब मिळालेल्या कमी वजनाच्या बाळांत मृत्यू सुमारे पाव हिश्श्याने कमी आढळले, असे २०२१ साली प्रसिद्ध झाले. आईच्या छातीला वीज लागत नाही. मात्र जवळ बसून तिला शिकविणारी परिचारिका लागते आणि बाळाजवळ राहण्याइतकी जागा लागते. तीही मागून घेतली पाहिजे.

म्हणून घरोघरी एवढे पाळा. पहिल्या तासातच बाळ आईच्या अंगावर पाजा. पिवळसर चीक ‘वाईट’ म्हणून पिळून टाकू नका, ते त्याचे पहिले रोगसंरक्षण आहे. सहा महिने मध, पाणी, बाळकडू काहीही नको. नाळेस राख, हळद, शेण लावू नका; ती कोरडी ठेवा. मोठ्या मुलास जुलाब लागले तर जलसंजीवनी द्या. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घाला, आणि खाणे बंद करू नका. तान्हे बाळ अंगावर पिईनासे झाले, हातपाय गार पडले, ते मलूल झाले, धापा टाकू लागले किंवा श्वास घेताना त्याच्या बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या, तर अंगारा शोधू नका, दृष्ट काढीत बसू नका. १०८ क्रमांकावर गाडी बोलवा आणि बाळास छातीशी धरून रुग्णालय गाठा. पोटावर बिब्बा किंवा तापलेली सळई लावून मुलास डागणाऱ्यास वस्तीत पाऊल ठेवू देऊ नका.

आमची आणखी एक सूचना आहे. प्रत्येक विहारात वंदनेसाठी आपण जमतोच. तेथे एक वजनकाटा ठेवा. महिन्यातून एकदा वस्तीतील सर्व लहान मुलांची वजने घ्या, वहीत लिहा, आणि ज्याचे वजन वाढले नाही त्याच्या घरी कोणी जावयाचे हे तेथेच ठरवा. जयंतीच्या वर्गणीतून एका काट्याचा खर्च सहज निघेल. आपल्या मुलींना, आणि मुलांनाही, शुश्रूषेच्या शिक्षणास पाठवा. हे हलके काम आहे असे म्हणणारी जीभ अजून जुन्या धर्माची आहे, हे ओळखा.

२ मार्च १९३० रोजी याच नाशकात काळाराम मंदिराच्या दाराशी आपले वाडवडील उभे राहिले. त्यांना मूर्तीची ओढ नव्हती, माणुसकीचा हक्क सिद्ध करावयाचा होता. पुढे बाबासाहेबांनी आपणांस त्या दारापासून दूर नेले. आज नवजात कक्षाच्या दाराशी आपली सून बाळ पदरात घेऊन उभी आहे. हे दार मात्र सोडून जावयाचे नाही. ते उघडावयाचे आहे आणि आत जागती, शिकलेली, पोटभर पगार मिळविणारी परिचारिका आहे की नाही हे पाहावयाचे आहे. पाचवीचा तो कोरा कागद व लेखणी सटवाईपुढून उचला. त्याच कागदावर बाळाचे वजन व लसीची तारीख लिहा, आणि कागद उरला तर जिल्हा शल्यचिकित्सकांच्या नावे अर्ज लिहा.

जयभीम!